वाया जाणारी गोळी

माझ्या मायग्रेनची गोळी माझ्या सासऱ्यांनी खाल्ली, तेव्हा त्यांचं डोकं अजिबात दुखत नव्हतं.

गोळी महाग होती. इतकी, की आयटीत नोकरी असूनही (बिबवेवाडीत आमच्या सोसायटीची समजूत अशी, की आयटीवाल्यांचे पैसे झाडाला लागतात!) मी ती साध्यासुध्या डोकेदुखीला काढत नसे. खोली गरगर फिरली, उलट्या झाल्या, तरी वाटे, आज नको, याहून मोठं दुखेल तेव्हा घेऊ. अशी शेवटची एक गोळी कपाटात पडून होती.

रविवारी सकाळी अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ती तुझी गोळी मी घेऊन टाकली गं."

"कुठली?"

"महागाची. या महिन्यात एक्सपायर होतेय. वाया घालवायची का?"

"अहो अण्णा, पण तुमचं डोकं दुखतंय का?"

"नाही. आता दुखणारही नाही!"

माझ्या हातातला चहा फरशीवर सांडला. मागच्याच वर्षी अण्णांची अँजिओप्लास्टी झालेली! आणि ही गोळी रक्तवाहिन्या आवळते, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ती घ्यायचीच नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलेलं. ते मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. किंमत मात्र सगळ्यांना सांगितली होती. (शेजाऱ्यांनासुद्धा!)

नवऱ्यानं अण्णांना गाडीत बसवलं. स्वारगेटच्या सिग्नलला अडकलो तेव्हा मी रडायलाच लागले.

"अण्णा, छातीत दुखतंय का हो? आता? आता दुखतंय?"

"तू जरा गप्प बसलीस तर कळेल."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त घेतलं. मग विचारलं, "काका, अख्खी गोळी घेतलीत?"

"छे! एवढी महागाची, एकदम? अर्धीच घेतली."

"ईसीजी ठीक आहे. पण आजचा दिवस इथंच राहायचं. आणि दुसऱ्याचं औषध परत खायचं नाही!"

"बरं. मग बिल दुसऱ्याच्या नावानं करा," अण्णा म्हणाले.

मी खुर्चीत कोसळले. जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी डोक्यात घण पडायला लागले. अण्णांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "घे. उरलेली अर्धी. तुझीच आहे."

पुडी उघडून पाहिली. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पोटात ढवळत होतं. पण महिना संपायला अजून अवकाश होता.

मी पुडी पर्समध्ये ठेवून दिली. तसं काही फार दुखत नव्हतं.