नाण्याचं दार

मॉरिस थर्स्कने आयुष्यात कधी नाणं टाकून खेळ सुरू केला नव्हता. नाण्यावर चालणाऱ्या खेळाच्या पेट्या दुरुस्त करायच्या त्याच्या धंद्यात कुणीच तसं करत नाही. पेटीचं पुढचं दार किल्लीने उघडायचं, आत हात घालून नाण्याची बारीक तार बोटाने दाबायची. नाणं पडलं असं पेटीला वाटतं. इंग्लंडमधल्या विदर्नसी गावाच्या किनाऱ्यावर, ग्लेनिसच्या खेळघरात, अडतीस वर्षं तो हेच करत आला होता.

त्याआधी तो हल बंदरातल्या मासेमारी जहाजांवर रेडिओ सांभाळायचा. मासेमारी बंद पडली तेव्हा जाळं विणायच्या हिरव्या दोऱ्याची चार रिळं घेऊन तो घरी आला. तारांची जुडी बांधायला दुसरं काही त्याने कधी वापरलंच नाही. वर गाठही जहाजावरचीच.

आता तो बहात्तर वर्षांचा होता. खिशात दोन चष्मे, एक रस्त्यासाठी, एक तारांसाठी. नवी यंत्रं बिघडली की कंपनी आख्खा भाग बदलून द्यायची. मॉरिसला बोलवावं अशी एकच पेटी उरली होती. १९८१ सालचा अंतराळयानांचा खेळ, लाकडी, पोटात पडद्याची जाडजूड काचेची नळी.

आणि कुणी खेळत असतानाच ती मरायची. पडदा काळा, मग सगळं पहिल्यापासून. एखाद्या दिवशी तीनदा, मग चार दिवस काहीच नाही.

दाराच्या आतल्या बाजूला दुरुस्तीची नोंद करायचं पुठ्ठ्याचं कार्ड होतं. तीन आठवड्यांत मॉरिसने त्यावर तीनदा लिहिलं होतं: दोष आढळला नाही.

"उद्या सकाळी लीड्सचा माणूस गाडी घेऊन येतोय," शुक्रवारी ग्लेनिस म्हणाली. "नवा पडदा बसवणार. एका पेटीत हजार खेळ."

"आणि आतलं?"

"फेकणार. मग काय करू मी? लोक माझ्या अंगावर येतात रे."

लोक म्हणजे डोरीन. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, रोज अकराला हजर.

मॉरिसने सकाळपासून पेटी सोडली नव्हती. वीजपुरवठ्याचा भाग बदलून झाला होता. खाऱ्या हवेने काळे पडलेले जोड खोडरबराने घासून झाले. केस वाळवायच्या यंत्राने त्याने सर्किट तापवून पाहिलं, ठोकून पाहिलं. दार उघडं, बोट तारेवर, फेरीमागून फेरी. पेटी एकदाही मेली नाही.

"तुझ्यासमोर गुणी बाळ असते ती," डोरीन मागून म्हणाली.

"तूच काहीतरी करतेस, बाई."

"मी खेळते! तू खेळलायस का कधी? नुसता पोटात हात घालून बसतोस, गुरांच्या डॉक्टरसारखा."

ग्लेनिस काउंटरमागे फसकन हसली.  मॉरिसने दार लावलं, किल्ली फिरवली आणि बाजूला झाला.

डोरीनने वीस पेन्स टाकले. दुखरा उजवा गुडघा नेहमीप्रमाणे दाराला टेकवला. तिसऱ्या फेरीत पडदा काळा झाला.

"बघ! बघितलंस?"

मॉरिस पडद्याकडे बघतच नव्हता.

"गुडघा काढ. परत खेळ."

ती खेळली. पाच फेऱ्या झाल्या. पेटी चालू.

"आता टेक."

पडदा काळा.

त्याने तारांचा चष्मा लावला, दार उघडलं आणि गुडघ्यांवर बसला. नाण्याच्या फटीमागे एक छोटा दिवा होता. त्याच्याकडे जाणारी तार बिजागरीपाशी ताणलेली होती. दार लावलं की ती पत्र्यावर घासायची. लाल वेष्टण झिजून तांबं दिसत होतं; बाहेरून गुडघ्याचा दाब आला की ते पत्र्याला टेकायचं आणि पेटी मरायची. दार उघडलं की तार सुटी, म्हणजे दोषही गायब. तीन आठवडे तो दार उघडं ठेवून दोष शोधत होता.

तार ताणली होती, कारण जुडी फार आखूड बांधली होती. हिरव्या दोऱ्याने. वर जहाजावरची गाठ.

"काय झालं रे?" ग्लेनिसने विचारलं. "सापडलं का?"

"सापडलं."

"कोणाचं काम?"

त्याने दोरा कापून तिच्या हातात दिला आणि सैल झालेल्या तारेला चिकटपट्टी गुंडाळली. तिने गाठ ओळखली. मग दोरा तिने खिशात टाकला.

शनिवारी लीड्सचा माणूस आला. ग्लेनिसने त्याला चहा दिला आणि तासभर बसवून ठेवलं. डोरीन दाराला गुडघा टेकवून खेळत होती. मध्येच मुद्दाम जोर देत होती. पेटी मेली नाही. गाडी रिकामी परत गेली.

मॉरिसने कार्डावर तारीख घातली. 'दोष आढळला,' असं लिहिलं. थोडा थांबून पुढे स्वतःचं नाव लिहिलं. दार लावलं.

मग खिशातून वीस पेन्स काढले आणि फटीत टाकले. नाणं खणखणत खाली गेलं. तो आवाज दाराच्या या बाजूने कसा येतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

अर्ध्या मिनिटात त्याची तिन्ही यानं फुटली.

"अडतीस वर्षं!" डोरीन म्हणाली. "सरक बाजूला."