जावयाच्या भाषेतला मी

स्पॅनिश मी रागापोटी शिकलो. लोक प्रेमापोटी शिकतात, नोकरीसाठी शिकतात. मी जावयाला पकडण्यासाठी शिकलो.

जावई स्पेनचा. मुलगी तिकडं नोकरीला गेली आणि परस्पर लग्न करून मोकळी झाली. गेल्या सहा वर्षांत दोघं चारदा मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी राहून गेले. माझ्याच घरात, माझ्याच ताटात जेवता जेवता तो तिच्याशी काहीतरी पुटपुटायचा, ती खुदकन हसायची आणि मी रश्श्याच्या वाटीकडं बघत बसायचो. हे मलाच हसतात, याची मला खात्री होती. एकुलती एक पोरगी हातची निघून चालली होती, आणि का, ते माझ्यासमोर बोललं जात असूनही मला कळत नव्हतं.

रिटायर झालो तसा मोबाईलवर धडे सुरू केले. रोज सकाळी सातला. आगुआ म्हणजे पाणी, कुचारा म्हणजे चमचा, पान म्हणजे पाव. 'ह' लिहायचा आणि गिळून टाकायचा, म्हणून 'ओला' म्हणजे नमस्कार. खुर्ची त्यांच्यातही बाईच, पण टेबलही बाई. डोक्याला नुसता ताप. 'नो पासा नादा', म्हणजे काही बिघडत नाही, हे मी इतक्या त्वेषानं घोकायचो की बायको म्हणायची, "अवो, कुणाला मारायला निघालाय काय?"

सव्वा वर्ष घोकलं. यंदा दोघं आले तेव्हा मी बायकोला ताकीद दिली, मला स्पॅनिश कळतं हे एका शब्दानं बोलायचं नाही.

पहिल्याच जेवणाला जावयानं मटणाचे दोन तुकडे खाल्ले आणि हात आखडला. आमच्यात मनात ठेवायची पद्धत नाही, जे असेल ते तोंडावर. मी मुलीला म्हणालो, "इचार त्याला, आमचं जेवान घशाखाली उतरंना व्हय? का पेशंटवानी मऊ भात करून घालू?"

ती त्याच्याकडं वळली. तिचं स्पॅनिश शिकून घेतलेलं, सावकाश. शब्द न् शब्द कळला. "पप्पा म्हणतात, निवांत जेव. हे तुझंच घर आहे."

जावई माझ्याकडं बघून हसला, छातीवर हात ठेवून "ग्रासियास" म्हणाला.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम म्हणालो, "दगड हाय दगड. काय बोला, दात काढतोय नुसता." तिनं सांगितलं, "पप्पांना तुझा शांत स्वभाव आवडतो."

माझं टाळकं सणकलं. सहा वर्षं मी या माणसाला टोचत होतो आणि तो हसतो म्हणून निर्लज्ज समजत होतो. इकडं ही पोरगी माझ्या तोंडात भलत्याच बापाचं बोलणं घालत होती. मेणचट, गोडबोल्या बापाचं. तिथंच तिचा कान धरावासा वाटला. मग लाजही वाटली. तोंडावर बोलतो म्हणून मिरवणारा मी, बोलत होतो ते त्याला न कळणाऱ्या भाषेत.

तरीही गप्प राहिलो. पकडायचंच होतं, तर पुरतं पकडू म्हटलं.

जायच्या दिवशी दुपारी बाहेरच्या सोप्यात बॅगा भरणं चाललं होतं. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. जावई हळू आवाजात तिला म्हणाला, "तुझे वडील असं बोलत नाहीत. त्यांचा चेहरा वेगळंच सांगतो."

ती चेन ओढता ओढता थांबली. "हो," ती म्हणाली. "मी थकले आता."

"मग खरं सांग ना."

"खरं सांगितलं तर मला इथं परत येता येणार नाही."

सगळे साधे शब्द होते. थकले, खरं, इथं, परत. सगळे मी घोकलेले. पोरगी कशानं हातची चालली होती ते मला कळलं, आणि त्यात जावयाचा काही संबंध नव्हता.

पेपर खाली घेतला तशी ती चटकन हसली. "पप्पा, तो म्हणतोय, तुमची लई आठवण येणार."

तो माणूस मला आजही फारसा आवडत नाही. तिथं मी चार वाक्यं स्पॅनिशमध्ये फेकू शकलो असतो. पण मग सहा वर्षं तिनं काय काय केलं ते मला कळलंय, हे तिला कळलं असतं, आणि ती भर दुपारी उघडी पडली असती. मी मराठीतच म्हणालो, "त्याला सांग, पुढच्या वर्षी लवकर या म्हणावं. दोघंबी. मी वाट बघतोय."

ती त्याच्याकडं वळली. तोंड उघडलं आणि थांबली, नेहमीसारखी, माझं वाक्य दुरुस्त करायला. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच सापडेना, तेव्हा ती तशीच माझ्याकडं बघत राहिली. जावई तिला दोनदा विचारत होता, काय म्हणाले, काय म्हणाले, आणि तिला काही सांगता येईना.