संगमरवर खोडता येत नाही

चंद्रपुरात आमचं संगमरवरावर अक्षरं कोरायचं दुकान होतं. जिवंत माणसाच्या वाट्याला शहाबादी फरशी; संगमरवर यायचा तो मेल्यावर, नाहीतर मंत्री झाल्यावर. कबरीचा दगड, देवळाची पायरी, कोनशिला, सगळं माझ्या हातून जायचं आणि त्या हाताची मला भारी घमेंड होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी भद्रावतीहून एक म्हातारे बसने आले. त्यांचा मुलगा कुरखेड्याकडे जंगलातल्या शाळेत मास्तर होता. पावसाळ्यात मलेरिया डोक्यात गेला आणि गाडी मिळेपर्यंत तो संपला. वस्तीतल्या विहाराच्या भिंतीत त्याच्या नावाची लहानशी पाटी बसवायची होती. तारखा नकोत म्हणाले, त्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. कागदावर स्वतःच्या हातानं लिहून आणलं होतं: आधी 'कालकथित', मग मुलाचं नाव, खाली 'शिक्षक'.

बौद्ध माणसं गेलेल्याच्या नावाआधी कालकथित लिहितात, हे मला पक्कं माहीत होतं. आमचं निम्मं गिऱ्हाईक त्यांचंच. पण पाटी लहान, शब्द लांब, आणि मला कंटाळा आला होता, खरं तेच सांगतो. हिंदू गिऱ्हाइकांसाठी कोरायचो तसं 'कै.' कोरून टाकलं. मेलेला तो मेलेला, एवढाच माझा विचार. काळा रंग भरला आणि पाटी धुऊन ठेवली.

म्हातारे पाटी न्यायला आले. चष्मा लावून, बोट फिरवत वाचू लागले. बोट पहिल्याच अक्षरावर थांबलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मीही भांडलो असतो. तोंड मलाही होतं.

"छप्पन साली माह्या बापानं घरातले देव नदीत सोडले," ते म्हणाले. "अन् तुमी माह्या पोराले कैलासात पाठवून देलं?"

दुसरी पाटी करून देतो म्हटलं, पण कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी सकाळी होता, माणसं बोलावून झाली होती. मग घासायचा दगड घेऊन बसलो. ते पाणी ओतत होते, मी घासत होतो. अक्षर खोल गेलेलं. ते जाईपर्यंत भोवतालचा दगडही झिजत गेला. सगळी दुपार त्यात गेली. शेवटी नावाआधी दोन बोटं मावतील एवढा खड्डा उरला. त्यात कालकथित बसणं शक्यच नव्हतं. वरच्या कडेला बारीक अक्षरात कोरून देतो, असं मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी पाटी मांडीवर घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मुलाचं नाव पुन्हा वाचलं.

"नोका कोरू," ते म्हणाले. "आता कुठीच लिवलेलं नाई का तो मेला म्हणून. असंच राहू द्या."