कारंज्यातली स्पेनची रसोई

गवंड्याजवळ किस्से साचणारच. घरवाले त्याच्यासमोर काहीही बोलतात, त्यालाही कान आहेत हे कुणाच्या ध्यानातच नसतं! मी बी.ए. अर्ध्यात सोडून गुलाबचाचा मिस्त्रीच्या हाताखाली टाइल्स बसवू लागलो. म्हातारे लोक काय चीज असतात, हे कॉलेजात कळत नाही. त्यासाठी त्यांच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकावे लागतात.

*

कारंजा गावातले एक कापसाचे सेठजी. मुंबईहून परदेशी मासिकाचं पान घेऊन आले. स्पेनमधलं जुनं स्वयंपाकघर. निळ्या-पिवळ्या टाइल्स पार छतापर्यंत, चुलीवर मोठं धुराडं. "अस्संच पायजे. हुबेहूब!"

चाचांनी धुराड्यावर बोट ठेवलं. "हे कायले? शोभेचं दिसते."

चाळीस वर्षांचा अनुभव बोलला! धुराडं गेलं.

*

पेट्या उघडल्या तर काही टाइल्सवर मासे! स्पेनवाले भिंतीवर खायच्या वस्तू रंगवतात म्हणे. जैनांच्या रसोईत मासा! सेठाणी नाकाला पदर लावून ओसरीत पळाल्या, जसा काही वासच सुटला होता. मासे परत गेले, आंबे आले.

*

चुलीजवळ एक खिडकी होती. घरच्या सूनबाईला आम्ही भाभी म्हणायचो. तिला दमा. जेवणं सूर्यास्ताआधी उरकायची, म्हणून दुपारपासूनच तिची चूल पेटलेली.

ती चाचांना म्हणाली, "चाचा, खिडकी तेवढी राहू द्या. दम लागते मले."

सेठजी बैठकीतून ओरडले, "चित्रात खिडकी हाये का?"

मी म्हटलं, "चित्रात भाभी बी नाई, सेठजी!"

चाचांनी मला थापी फेकून मारली. माशाचा आंबा चालला, पण खिडकी चालली नाही. मीच विटा भरल्या.

*

मग रसोई पाहायला पाहुणे येऊ लागले. धुरामुळे आत कुणी जाईना, सगळे दारातूनच वा वा करायचे. आत भाभीला खोकल्याची उबळ आली की सेठाणी म्हणायच्या, "सूनबाई, पाव्हण्याईसमोर खोकू नोको!"

*

चार-पाच महिन्यांनी सेठजींनी आम्हाला परत बोलावलं. चुलीच्या बाजूची एक टाइल निघालेली, भिंतीला आरपार भोक. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

"घुशीनं केलं," सेठाणी म्हणाल्या.

"कोणी बी केलं असो, बुजवा," सेठजी म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

मी सिमेंट कालवायला बसलो. भाभी आली. चुलीतला चिमटा तिनं माझ्यापुढं ठेवला. त्याचं टोक झिजून पार बोथट झालेलं.

"याच्यानं चार महिने लागले मले," ती म्हणाली. "तुले बुजवाले किती वेळ लागते, भाऊ?"

चाचाच बोलले, "अर्धा घंटा, बेटी."