तळ्याच्या तोंडचा खड्डा

आमच्या गल्लीचं पावसाचं पाणी जिथं तळ्यात शिरायचं, तिथं गाळ अडवायला एक खड्डा होता. नगरपालिकेचा एक माणूस तो उपसायचा. गाळ बोटांत चोळून तो कुणाच्या दारचा, हे मोठ्यानं सांगायचा. मला ती फुशारकी वाटायची.

मी घर बांधायला काढलं आणि वाळू रस्त्यावरच टाकली. एका जोराच्या पावसानंतर तो डोक्यावर पाटी घेऊन आला. ओली वाळू माझ्या ढिगावर ओतत म्हणाला, "मास्तर, तुमचं घर तळ्याला निघालंतं की!"

शेजारी खो खो हसले. मी वरमून चहा विचारला.

"अजून पाट्या हायत."

शेवटच्या पाटीत तांबडी माती होती. ती त्यानं चोळून बघितली आणि हसणाऱ्या शेजाऱ्यांच्या गुलाबाच्या वाफ्यात नेऊन ओतली. मग माझ्या पायरीवर बसला.

"आता आणा च्या."