अंत्युखियाची पंगत

त्या वर्षी मी फार थकले होते. शरीराचा थकवा मला नवा नव्हता. सगळं आयुष्य नर्सच्या नोकरीत गेलं, पाय सुजणं आणि कंबर धरणं हे अंगवळणी पडलेलं. हा थकवा निराळा होता. प्रार्थनेला बसले की शब्द नेहमीसारखे यायचे, पण ते आपल्याच खोलीच्या छताला लागून खाली पडतात असं वाटायचं. पती गेल्यापासून यवतमाळच्या घरात मी एकटीच आहे. रविवारी चर्चमध्ये जाऊन बसायचे, गाणी म्हणायचे, सगळ्यांशी हसून बोलायचे आणि घरी येऊन पडून राहायचे. देव आहे यावर शंका नव्हती. त्याला माझी काही गरज उरली आहे का, ही शंका होती.

आमच्या पाळकसाहेबांकडे बऱ्याच गावांची काळजी आहे आणि त्यांचंही वय झालं आहे. म्हणून वणीजवळच्या राजूरच्या लहानशा मंडळीला महिन्यातून एकदा भेट द्यायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. राजूरला कोळशाच्या खाणी आहेत. तिथे जुनी मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, ज्यांचे आजे-पणजे खाणीच्या कामाला म्हणून आले. आणि नंतर तेलंगणातून आलेली तेलुगू कुटुंबं आहेत. सगळे मिळून पत्र्याच्या एका हॉलमध्ये उपासना करत. सुरुवातीला मला तिथे जायला आवडायचं. मग भांडण सुरू झालं.

भांडणाचं कारण सांगायला लाज वाटते इतकं लहान होतं. आधी गाणी कोणत्या भाषेत म्हणायची यावरून कुरबूर झाली, मग ढोलकी किती जोरात वाजवायची यावरून. एकदा उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनाला मराठी बाजूची एक बाई बोलून गेली, "यांचं आंबट-तिखट आमच्या पोराईले पचत नाही." ते वाक्य तेलुगू बायकांपर्यंत गेलं. पुढच्या महिन्यात मी गेले तर हॉलमध्ये दोन पातेली होती, दोन पंगती होत्या आणि मधे एक लांब बाक आडवा टाकलेला होता. मराठी बाजूचे वडीलधारे म्हणजे खाणीतून निवृत्त झालेले शामुवेलकाका. तेलुगू बाजूचे नरसय्या. दोघेही सज्जन, दोघेही मला मान देणारे, पण एकमेकांशी बोलणं बंद. "सिस्टर, हा हॉल आमच्या बापजाद्यायनं बांधला. आमी पयले इथं आलो," काका म्हणाले. नरसय्या म्हणाले, "अम्मा, येशूकडे पहिला-दुसरा असतो काय?" मी दोघांना समजावलं, दोघांनी मान हलवली आणि पुढच्या महिन्यात बाक तिथेच होता.

असे कितीतरी महिने गेले. शेवटी कळलं की तेलुगू कुटुंबं वेगळी जागा भाड्याने बघत आहेत. तेव्हा मी ठरवलं, एकदा शेवटचं बोलायचं आणि तेही प्रेषित पौलाविषयी. लहानपणापासून मला पौलाची भीती वाटत आली आहे, कारण तो कुणाची भीड ठेवत नाही. अंत्युखिया नावाच्या शहरात पहिल्या मंडळीची अशीच पंगत बसायची. त्यात यहूदी असायचे आणि बाहेरचे, परराष्ट्रीय लोकही असायचे. येशूचा मोठा शिष्य पेत्र त्यांच्यासोबत जेवायचा. पण यरुशलेमहून काही कर्मठ माणसं आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठला. त्याचं पाहून बाकीचेही उठले, पौलाचा जिवलग सोबती बर्णबासुद्धा. तेव्हा पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर, तोंडावर सुनावलं. मला नेहमी वाटत आलं आहे की त्या दिवशी पौल गप्प बसला असता, तर येशूचं नाव एका लहान देशातल्या एका जातीपुरतं राहिलं असतं. पांढऱ्या कापसाच्या या आमच्या मुलखात ते कधी पोचलंच नसतं. आपण सगळेच त्या पंगतीत मागून येऊन बसलेलो. मग आपण कुणाला कसं उठवणार? हे मला सांगायचं होतं. मी महिनाभर टिपणं काढली. पण खरं सांगायचं तर मनात आशा नव्हती. देवाला मी सांगून टाकलं होतं, "ही माझी शेवटची फेरी. यानंतर तू दुसरं माणूस बघ."

दिवाळी होऊन गेली होती. त्या रविवारी मी उपास धरून निघाले. मला साखरेचा आजार आहे. सकाळची गोळी घेतली आणि पोटात काहीच नाही. एखाद्या पेशंटने असं केलं असतं तर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण मन इतकं शिणलेलं होतं की स्वतःची काळजी घ्यायचाही कंटाळा आला होता. बस मारेगावच्या अलीकडे थांबली. पुढे कापसाने भरलेला एक ट्रक रस्त्यावर आडवा झाला होता आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली होती. लोक उतरले, इकडेतिकडे पांगले. आत गुदमरायला लागलं म्हणून मीही उतरले. पिशवी सीटवरच ठेवली; फोन, टिपणं, सगळं तिच्यातच. रस्त्याच्या खाली एक बांध होता, त्याच्या पलीकडे कडुनिंबाची सावली दिसली. तिथे जाऊन बसावं म्हणून मी बांध उतरले. हात थरथरायला लागले, घाम फुटला. हे काय आहे ते मला पक्कं माहीत होतं, पण उठता येईना. पऱ्हाटीवर फुटलेला कापूस डोळ्यांपुढे नुसता पांढरा पसरत गेला. वर रस्त्यावर हॉर्न वाजले, गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. कंडक्टरने हाकाही मारल्या म्हणे. मला आवाज काढता आला नाही.

त्या क्षणी मला फार भीती वाटली असं नाही. वाटलं, बरं झालं. आता बोलावं लागणार नाही. हे लिहायला जड जातं आहे, पण मी किती थकले होते ते यावरून कळावं.

मग कुणीतरी माझा जबडा धरून तोंड उघडलं आणि त्यात मूठभर साखर कोंबली.

"गिळा! गिळा म्हन्तो ना! अवं पोरी हो, पानी आना लवकर!"

डोळ्यांपुढचं निवळलं तेव्हा डोक्याला फडकं बांधलेली, कमरेला कापूस वेचायची ओटी बांधलेली एक दणकट बाई माझ्यावर वाकली होती. शेत तिचंच होतं. कौसल्याबाई तिचं नाव. चार बायका लावून ती वेचणी करत होती आणि शेतातल्या चहासाठी आणलेली साखर तिच्याजवळ होती. "माया सासूले असंच होये," ती म्हणाली. "तोंड पाह्यलं अन् समजलं. सकाळपासून काई खाल्लं का नाही?"

मी मान हलवली. "उपास आहे."

"कायचा उपास?"

"प्रार्थनेचा."

"असा जीवघेना उपास कायले करता, बाई? देवाले काय मढं पाह्यजे?"

तिने स्वतःची शिदोरी सोडली. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, कांदा. घास पुढे केला आणि मधेच थांबून माझ्याकडे पाहिलं. "माया हातचं चालते ना तुमाले? आदीच इचारून घेतो. काई लोकाईले नाई चालत."

महिनाभर मी ज्या पंगतीविषयी लिहीत होते ती माझ्यापुढे मांडली गेली होती, आणि तिच्यात मागून आलेली, हात पसरून बसलेली मीच होते. डोळे भरून आले. तिला वाटलं, मला अजून त्रास होतो आहे. "चालते," मी म्हटलं. "चालते, बाई." तिने भाकरीचे दोन तुकडे केले, एक मला दिला आणि दुसरा त्याच भरताला लावून स्वतः खाऊ लागली.

बस तर गेली होती. कौसल्याबाई म्हणाल्या, दुपारी त्यांचा कापूस न्यायला पिकअप येईल, ती वणीलाच जाते, तिच्यात पुढे बसा. तोवर मी सावलीत पडून राहिले. बायका वेचता वेचता एकमेकींना चिडवत होत्या. कितीतरी महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

जाग आली ती मोटारसायकलच्या आवाजाने. बांधावर दोघे जण उभे होते. गाडी चालवणारे नरसय्या आणि मागून उतरलेले शामुवेलकाका. मला आधी वाटलं, अजून साखर चढलेली नाही, काहीतरी भलतंच दिसतं आहे.

काका मला घ्यायला वणीच्या बसस्टँडवर आले होते. बस आली, मी नाही. कंडक्टरने माझी पिशवी त्यांच्या हातात दिली. काका घाबरले. राजूरला फोन केला. मराठी बाजूच्या कुणाचीच गाडी मोकळी नव्हती. तेव्हा नरसय्या कुणी न सांगता गाडी काढून वणीला आले आणि काकांना म्हणाले, "बसा." दोघे रस्त्याने प्रत्येक पानटपरीवर, प्रत्येक शेतात विचारत आले होते.

"अम्मा, बहुत ढूंढा तुम्हाला," नरसय्या म्हणाले आणि खालीच बसले.

"सिस्टर, आमच्या जिवात जीव नोता," काका म्हणाले.

कौसल्याबाईंनी दोघांकडे पाहिलं. "हे कोन? तुमच्या घरचे का?"

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "हो. एकाच घरचे आहो आमी." नरसय्यांनी मान वर करून काकांकडे पाहिलं.

"मंग बसा दोघं. तोंडं पाहा कशी वाळली." उरलेली भाकर आणि डब्याच्या झाकणात भरीत. दुसरं भांडं नव्हतंच. दोघे म्हातारे त्या एका झाकणावर वाकून जेवले. त्यांच्यापैकी कुणालाही तेव्हा त्या बाकाची आठवण आली असेल असं मला वाटत नाही. भूक लागली होती, ते जेवले.

वणीपर्यंत मी पिकअपमध्ये आणि ते दोघे मोटारसायकलवर; तिथून आम्ही राजूरला पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. हॉलमध्ये सगळे थांबलेले होते. मी हरवल्याचं कळल्यावर तिथे प्रार्थना सुरू झाली होती. गुडघे टेकायला जागा पुरेना म्हणून कुणीतरी तो बाक उचलून बाहेर अंगणात ठेवला होता. दुपारी पोरं भुकेने रडायला लागली तेव्हा नरसय्यांच्या बायकोने, मरियम्माने, आपलं पातेलं उघडलं. त्यांचा भात संपला तेव्हा काकांच्या सुनेने आपला वाढला. मग वरण कुणाचं आणि सांबार कुणाचं हे कुणी पाहिलं नाही. मी आत पाऊल टाकलं तर दोन्हीकडच्या बायका मला बिलगल्या आणि दोन भाषांमध्ये रडल्या.

थोड्या वेळाने काकांनी माझी पिशवी आणून दिली. "सिस्टर, तुमी बोलनार होत्या."

मी टिपणं बाहेर काढली नाहीत. बोलायचं काय राहिलं होतं? मी म्हटलं, "आज प्रार्थना करू," आणि प्रार्थनाही मला नीट करता आली नाही. मरियम्माने ती तेलुगूत पुरी केली. मला एकही शब्द कळला नाही आणि मनातून मी 'आमेन' म्हटलं.

यात चमत्कार झाला असं मी कुणाला सांगत नाही. ट्रक उलटतात, साखर उतरते, शेतात बायका असतात. ढोलकीवरून राजूरला अजूनही कुरकुर होते आणि नरसय्या नि काका अजूनही अधूनमधून फुगून बसतात. पण वेगळी जागा कुणी घेतली नाही. पंगत एक आहे.

त्यानंतर मी अंत्युखियाची गोष्ट ज्यात आहे ते पौलाचं पत्र पुन्हा काढून वाचलं. पौलाने पेत्राला काय सुनावलं ते तिथे सगळं आहे, पण पेत्राने काय उत्तर दिलं, तो परत पंगतीत येऊन बसला का, ते पौलाने लिहिलेलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की पौल वाद जिंकला. जिंकलाही असेल. पण तो त्या शहरातून पुढे गेला, मार खात राहिला, तुरुंगात पडला, मागे राहिलेल्यांना दुरून पत्रं पाठवत राहिला. आणि त्याच्या माघारी कुणीतरी, ज्यांची नावं कुठेच नाहीत अशा बायाबापड्यांनी, भाकरी मोडून एकमेकांच्या हातात दिल्या असतील. म्हणून ती पंगत टिकली असेल. सांगायचं ते सांगितलंच पाहिजे, पण वाढणारा दुसराच असतो. हे पौलाला कळलं होतं, म्हणून तो एवढा दमूनही निराश झाला नाही. मी दमले होते ते पंगत आपणच वाढतो आहोत असं समजून.

मी अजून राजूरला जाते. नाताळाआधी जाताना वाटेत उतरून कौसल्याबाईंचं घर शोधलं. त्यांच्यासाठी लुगडं घेतलं होतं. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी ओळख सांगितली तरी त्यांना चटकन आठवेना.

"कोनत्या चक्कर आलेल्या बाई?" त्या म्हणाल्या. "आमचं वावर सडकेवर, बाई. एक ना एक येतच राह्यते. कोनाले ऊन लागते, कोनाची गाडी पडते. कोन कोन ध्यानात ठेवू?" मग सूप बाजूला ठेवून त्यांनी पदराला हात पुसले. "बसा. जेवल्याबिगर जाऊ नका."

मी बसले.