डोहाकाठचा आळ

आमच्या थोरल्या जाऊबाई, अंबूअक्का. साताऱ्याहून धारवाडात येऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण कानडी शिकल्या नाहीत. का? तर म्हणे, "ही माणसं आपल्याविषयीच बोलतात, कशाला ऐकायचं!" देवळात हात जोडले तरी एक डोळा बाहेरच्या वहाणांवर.

सगळ्यात जास्त संशय बसव्वावर. उणकलची बसव्वा आठ वर्षं आमची भांडी घासत होती, घरातला एक चमचा कधी हलला नाही. तरी अक्का रोज भांडी मोजून घेत आणि लाज मात्र मला मेलीला वाटे.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही सगळे अळणावरजवळच्या धबधब्यावर गेलो. पुरुषमंडळी वर चूल पेटवत बसली, मी, अक्का आणि बसव्वा खाली डोहावर उतरलो. मी हातातले सोन्याचे बिलवर काढून बसव्वाकडे दिले. अक्कांची पाटली तापातून उठल्यापासून सैल झाली होती.

"अक्का, काढा ना ती."

"हिच्याकडे देऊ? त्यापेक्षा पाण्यात गेलेली बरी!"

बसव्वाला मराठी सगळं कळे. ती खाली बघत राहिली.

काठाशी पाणी गुडघाभर होतं. अक्का धारेकडे सरकू लागल्या, तशी बसव्वा ओरडली, "अक्कारऽ, आळ ऐतरी! आळ!"

अक्का गर्रकन वळल्या. "ऐकलंस वेणू? चोराच्या मनात चांदणं! मी अजून आळ घेतलासुद्धा नाही, आणि ही बया..."

एक पाऊल मागे पडलं आणि अक्का दिसेनाशा झाल्या. अगं बाई! कानडीत आळ म्हणजे खोल, आळ ऐती म्हणजे खोल आहे. हे सांगायला माझं तोंड उघडेपर्यंत बसव्वा माझे बिलवर खडकावर टाकून लुगड्यानिशी पाण्यात गेली होती. उणकलच्या तळ्याकाठी वाढलेली बाई ती. मनगटाला धरून तिनं अक्कांना ओढून काढलं.

अक्का खोकल्या, पाणी ओकल्या. श्वास परतला तसा पहिला हात मनगटाकडे गेला. पाटली नव्हती. त्यांनी मान वर करून बसव्वाकडे पाहिलं.

बसव्वानं ओला पदर झटकून दाखवला. ओचा सोडला. मग दोन्ही तळवे उघडून अक्कांपुढे धरले. कुणी तिला काही विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्कांना रडू कोसळलं. त्यांनी ते दोन्ही तळवे आपल्या हातांनी मिटले, डोहाकडे बोट केलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा कानडी बोलल्या.

"आळ ऐती, बसव्वा. आळ ऐती."